बॅग रिकामीच परत आली

ती. ताईस,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. देवाच्या कृपेनं इकडे सगळं ठीक आहे, ह्यांचा गुडघा सोडून. (त्याचं दुखणं आम्ही आता ठीक असण्यातच धरतो.) तुझी पाठ कशी आहे ते कळव, भाऊजींना नमस्कार सांग. कागदाच्या मागे दूधवाल्याचं जुनं बिल दिसेल, तिकडे लक्ष देऊ नकोस, ते चुकतं झालंय.

ठरल्याप्रमाणे आपल्या भावाकडे दोन दिवस राहून आले. आई होती तोवर त्याचं सगळं आईच करायची. ती गेल्यावर त्याला त्या घरात ठेवलं, तेव्हापासून तुझ्या-माझ्या जिवाला एकच घोर, की पन्नाशीला आला तरी सगळं सावकाश उमगणारा आपला भाऊ तीन परक्या सोबत्यांत आणि पगारी मदतनिसांच्या भरवशावर कसा राहत असेल. सोय बरी दिसली नाही तर त्याला सरळ माझ्याकडे आणायचं, असं आपलं बोलणं झालंच होतं. म्हणून मोठी बॅग रिकामी नेली. (अगदी रिकामी नाही. माझा साबण होता, दुसऱ्याचा का झिजवायचा, आणि एक पुडकं होतं, त्याचं पुढे सांगते.) मनात जमा आणि नावे अशा दोन बाजूही आखून ठेवल्या होत्या.

दार त्यानंच उघडलं आणि पहिली नोंद नावे पडली. शर्टाची बटणं एक घर चुकलेली, गळ्याशी एक टोक वर, खाली एक लोंबतंय. म्हटलं, झालं, इथं ह्याच्याकडे बघायला कुणी नाही. मी हात पुढे केला तर तो मागे सरकला आणि म्हणाला, "आधी विचार." मी विचारलं. तो "नको" म्हणाला. मग विचारून काय साधलं, हे मला अजून कळलेलं नाही.

चहाही तोच करणार होता. मदतनीसबाई शेजारी उभ्या, दोन्ही हात पाठीमागे बांधून, कवायत बघायला आल्यासारख्या. ह्याची साखर ओट्यावर सांडतेय, पाणी उतू जातंय, आणि बाई नुसत्या बघतायत. ह्या उभं राहण्याचे आपण पैसे भरतो, असं मनात आलं, मला राहवेना, आणि मी पुढे होऊन त्याच्या हातातून पातेलं काढून घेतलं. ताई, त्यानं गॅस बंद केला, खोलीत गेला, दार लावून घेतलं. बाई हळूच म्हणाल्या, "तो आजारी नाहीये हो. चहा करत होता." पातेलं माझ्या हातातच राहिलं. तो चहा मी पुरा केला, टाकवत नव्हता म्हणून प्यायलेही.

संध्याकाळी त्या घराची बैठक असते. चौघे राहणारे आपल्या तक्रारी सांगतात. अध्यक्ष एक गृहस्थ, त्यांना सगळे साहेब म्हणतात, कारण दारातल्या चपला रोज तेच तपासतात. मी मोठ्या उत्साहानं जाऊन बसले, म्हटलं घराची पारख इथं होईल. झाली, पण माझी. पाहुण्यांनी पातेलं ओढलं. पाहुण्या दार न वाजवता खोलीत शिरल्या. पाहुण्यांनी साहेबांचा भांग पाडला. (केस डोळ्यांवर येत होते गं.) मग मदतनीसबाईंनी सांगितलं, की पूर्वीची एक मदतनीस आपल्या भावाशी न बोलता इतरांशी त्याच्याबद्दल बोलायची, ते त्यानं ह्याच बैठकीत मांडलं आणि ती बदलली गेली. मी बाईंना विचारलं, "मग आता खूश आहे ना तो?" तो माझ्या शेजारीच बसला होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेबांनी निकाल दिला, की उद्याच्या चहाला पाहुण्यांनी हात पाठीमागे धरावेत.

धरले. रिकामे राहीनात म्हणून पाठीमागे जपमाळ घेतली. चहा होईपर्यंत दिवसाचा जप उरकला आणि दुसऱ्या दिवसाचा आगाऊ जमा झाला. देवाला इतक्या घाईघाईनं कुणी हाक मारली नसेल. पातेलं गॅसवरून उतरवताना वाकडं झालं तेव्हा बाई फक्त अर्धं पाऊल पुढे आल्या. हात पाठीमागेच, पण आता मला दिसलं, की डोळे क्षणभरही हलत नव्हते. आणि मग त्यानं मला विचारलं, "साखर किती?" ताई, लग्न झाल्यापासून मी चहा केलाय आणि उरलेला प्यायलेय. तो चमचा धरून थांबला. शेवटी मी "दोन" म्हटलं. (मी एरवी बिनसाखरेचा घेते, बचत होते.)

निघायच्या सकाळी मी दार वाजवलं, आत बोलावल्यावर गेले, आणि विचारलं, "माझ्याकडे राहायला येतोस का?" त्यानं बराच विचार केला. म्हणाला, "तिकडे चहा कोण करणार?" आदल्या दिवशीचा जप ताजा होता, खोटं बोलवेना. "मी," म्हटलं. "मग नको," म्हणाला, आणि मला बसथांब्यापर्यंत पोचवायला निघाला. बॅग त्यानंच घेतली.

थांब्यावर थंडी होती. त्याचा शर्ट पुन्हा एक घर चुकलेला, पण मी हात पदरात गुंडाळून ठेवले. तोच माझ्याकडे निरखून बघत होता. "तुझं चुकलंय," म्हणाला. बघते तर घाईत माझ्या स्वेटरची बटणं वरपासून खालपर्यंत चुकलेली. मी ती सोडून पुन्हा लावेपर्यंत तो समोर उभा होता, दोन्ही हात पाठीमागे बांधून. बस आली तरी म्हणाला, "सावकाश."

तुझी,
धाकटी

ता. क. भाऊजी त्याला परत आणण्याबद्दल त्या घराच्या व्यवस्थापकांना पत्र लिहिणार होते, ते टाकलं नसेल तर टाकू नये. टाकलं असेल तर ते रद्द समजावं असं दुसरं टाकावं. पाकीट तिकीट लावून सोबत घातलंय. एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं. तू गेलीस तर दार वाजव आणि थांब.

आणखी एक ता. क. पुडक्याचं राहिलं. निघताना त्याच्या कपाटात तीन नवे शर्ट गुपचूप ठेवून आले होते, दिसायला बटणं, आतून चिकटपट्टी. काल टपालानं परत आले. फोनवर एवढंच म्हणाला, "विचारलं नव्हतंस." भाऊजींना बसतील असं वाटतं, म्हणून तुझ्याकडे पाठवतेय. त्यांना आधी विचार.