एकेचाळीस मीटरची घडी

परळ,
१२ जानेवारी २०२५

ती. सौमित्रदादास,
नूपुरचा सा. न. वि. वि.

फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस, म्हणून हे पत्र. आईचा गुडघा आता बरा आहे. तिने तुझ्यासाठी तिळाच्या वड्या केल्यात. मी काही त्या घेऊन गिरगावात येणार नाही.

काल ऑफिसातल्या श्रेयाने दादरच्या कागदी विमानांच्या स्पर्धेचा व्हिडिओ दाखवला. एकेचाळीस मीटर, पहिला नंबर! फेकणारा सौमित्र, जोडीदार आरोही. तुझी होणारी बायको मला आवडते, म्हणून आधी आनंदच झाला. मग विमान जवळून दिसलं. नाकाची तिहेरी घडी, चमच्याच्या पाठीने दाबलेली. डिसेंबरात सरावाला म्हणून तू माझ्याकडून नेलंस, तेच ते. मला मात्र स्पर्धा रद्द झाली म्हणून सांगितलंस.

चौदा महिने, दादा. ऑफिसातून आल्यावर मी कागद मोडत बसायचे आणि रविवारी तुमच्या चाळीच्या लांब गॅलरीत तू विमानं फेकायचास. घडी माझी, हात तुझा, असं ठरलं होतं आपलं. परक्याने केलं असतं तर कडाकडा भांडले असते. माझा मावसभाऊ असून तू केलंस, म्हणून नुसतं रडू येतंय. का केलंस, एवढं लिही.

मावशीला नमस्कार. लोभ अजून आहे, तो राहील असं काहीतरी कळव.

तुझी,
नूपुर

*

गिरगाव,
१६ जानेवारी २०२५

चि. नूपुर हिस,
अनेक आशीर्वाद.

कागदाच्या एका तावासाठी केवढा हा राईचा पर्वत! पत्र वाचून आई म्हणाली, ही पोरगी वकील व्हायला हवी होती.

खरं सांगतो. साखरपुड्याच्या आधी गप्पांच्या भरात आरोहीला मी सांगून बसलो की ही घडी मीच शोधली. ती इतकी खूश झाली की मग मागे फिरता येईना. तू दादरला आली असतीस तर तिच्यासमोर माझी शोभा झाली असती. तू घरचीच आहेस, समजून घेशील, असं धरून चाललो.

आता अडचण ऐक. दादरला तयार विमान चाललं, पण पुण्याच्या अंतिम फेरीत जोडीदाराने परीक्षकांसमोर घडी घालायची आहे. आरोहीने तुझं विमान उलगडून, घडीवर घडी बसवून डझनभर विमानं केली. सगळी उजवीकडे वळतात आणि वीस मीटरवर भिंतीला थडकतात. काहीतरी राहून जातंय. तेवढं लिहून पाठव ना. आणि आरोहीला यातलं काही कळू देऊ नकोस. लग्न तोंडावर आलंय आणि तिला खोटं अजिबात खपत नाही.

मावशीला नमस्कार. रागाव हवी तेवढी, पण माया पातळ करू नकोस.

तुझा,
दादा

*

परळ,
२१ जानेवारी २०२५

ती. सौमित्रदादास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. माफी शोधत होते, सापडली नाही.

आरोहीची घडी चुकलेली नाही. नववीत तुझा हात मोडला, तेव्हापासून फेकताना तुझं मनगट उजवीकडे वळतं. तुला ते आजवर कळलेलं नाही. माझ्या पहिल्याच महिन्यात लक्षात आलं होतं. सांगितलं असतं तर तू हिरमुसून फेकणंच सोडलं असतंस. म्हणून प्रत्येक विमान तुझ्या हातात देण्याआधी मी डाव्या पंखाची मागची कड नखाने जराशी वर उचलायचे. ती काही घडी नव्हे, त्यामुळे कागद उलगडला की तिची खूण राहत नाही.

एवढंच राहिलंय. तांदळाच्या दाण्याएवढी कड, केसभर वर. लिहून दिलं. आता आरोही विचारेल, डावाच पंख का आणि तुला हे कोणी सांगितलं. मी आपण होऊन तिला काही कळवणार नाही. पण तिने मला विचारलं, तर तुझ्यासाठी खोटंही बोलणार नाही.

ही घडी तुझ्या नावावर हवी होती, तर मागायचीस रे. मी हसत दिली असती आणि जन्मभर अवाक्षर काढलं नसतं.

मावशीला नमस्कार सांग. लोभ असावा, असं या वेळी लिहवत नाही.

नूपुर