धाकट्याला न कळवलेलं

प्रिय धाकट्या,

बँकेतली नोकरी सोडून तू स्टेजवर जिन्याला सर्दी झाल्याच्या, टोपीने राजीनामा दिल्याच्या गोष्टी सांगायला लागलास, तेव्हा आई म्हणाली होती, "याचं डोकं फिरलंय." पुढे तुझी पुस्तकं निघाली, कार्यक्रमांची तिकिटं मिळेनाशी झाली, तरी ती एकदाही बघायला आली नाही. मग तूही घरी यायचं सोडलंस.

हल्ली तिला फारसं आठवत नाही. मला ती नर्स समजते. काहीबाही विचारते, मी तिची चूक दाखवली, की रडायला लागते. काल जेवताना म्हणाली, "कपाट जेवलं का गं?"

मी थकले होते. तू बोलशील तसं बोलून टाकलं, "हो, दोन स्वेटर खाल्ले. आता सुस्तावलंय."

आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग माझा हात धरून म्हणाली, "आमचा धाकटाही अस्संच बोलतो. फार हुशार आहे. पण त्याला सांगू नकोस हं, शेफारेल."

मी कबूल केलंय, तेव्हा हे पत्र काही टाकत नाही. फोनवर एवढंच म्हणेन, लवकर ये.

तुझी,
ताई