बोलावणं नसलेला सण

क्रागुयेवाच, २० डिसेंबर

ती. वहिनीस,
सा. न.

काल सकाळी दाढी केली, कोट घातला आणि बसस्थानकावर गेलो. घराण्याच्या संताचा सण, आपली स्लावा, आणि मी घरी बसावं हे बरं वाटेना. आपल्या ब्रेस्तोवोची बस आली, लोक चढले. मी बाकावरच राहिलो. दादानं एकदा नुसतं 'ये' म्हणून कळवलं असतं, तर चढलो असतो. दारू सुटली खरी, पण देवासमोर उभं राहण्याइतका अजून स्वच्छ झालेलो नाही. बोलावल्याशिवाय कुठल्या तोंडानं येऊ? कारखान्याच्या खानावळीत मासा खाल्ला आणि निजलो.

लोभ ठेवा असं सांगायचा हक्क नाही, तरी ठेवा.

विदोसाव

ब्रेस्तोवो, ४ जानेवारी

प्रिय विदोसावभावजी,
अ. आ.

शहरात राहून रीतच विसरलात? स्लावाला कुणी कुणाला बोलावतं का? शेजारच्या येवरेमला कुणी बोलावलं होतं? बांधावरून आमच्याशी भांडतो, तरी सगळ्यांआधी आला आणि माशाचा रस्सा सगळ्यांत जास्त प्यायला.

तुमच्या दादांना पत्र वाचून दाखवलं. हे म्हणाले, बोलावणारा मी कोण? सण संताचा, कृपा देवाची, मी फक्त दार उघडतो. थोड्या वेळानं म्हणाले, बोलावलं तर तो पाहुणा होईल, मला भाऊ हवाय. मग गोठ्यात गेले ते बराच वेळ आले नाहीत.

मामंजींच्या शेवटच्या स्लावाला तुम्ही पिऊन येऊन संतासमोरची मेणबत्ती पाडलीत, ते आम्ही विसरलेलो नाही. ते मेण मीच खरवडलं, मी कशी विसरेन? पण आधी स्वच्छ होतो आणि मग येतो म्हणालात, तर तुम्ही जन्मात यायचे नाही. नदीवर अंघोळीला जाणारा घरून अंग धुऊन निघतो का?

मे महिन्यात संताचा दुसरा सण आहे. मी बोलावत नाहीये, लक्षात ठेवा.

माया आहेच, ती मागायची नसते.

तुमची वहिनी, स्तामेंका

क्रागुयेवाच, २४ मे

ती. वहिनीस,
सा. न.

सुखरूप पोचलो. परवा स्वयंपाकघरातल्या गडबडीत बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

त्या दिवशी फाटकाशी मी पुन्हा थबकलो होतो. येवरेमनं खिडकीतून पाहिलं आणि दादाला ओरडून सांगितलं, की तुझा भाऊ खांबासारखा उभा आहे, कपडे वाळत घालायचे का त्याच्यावर? सगळे हसले.  खिडकीतून दिसलं, दादा बाकावर थोडा सरकला, एवढंच. मी आत आलो.

कृपा आपण लायक झाल्यावर मिळते, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. म्हणून तर स्वतःलाच बाहेर उभं केलं होतं.

धर्मगुरू सणाचा पाव फिरवायला उभे राहिले. घरातल्या सगळ्यांचे हात त्याला लागले, पाहुणे रीतीप्रमाणे मागे राहिले. दादाच्या उजवीकडे जागा रिकामी होती. कुणीतरी 'ये' म्हणेल म्हणून मी वाट पाहिली. कुणी म्हणालं नाही, तुम्हीसुद्धा नाही. तेव्हा मी आपण होऊन पुढे झालो आणि पावाला हात लावला.

तुमचाच,
विदोसाव