पाटे काढल्यावर

तोंडवली,
९ नोव्हेंबर २००६

प्रिय विनू,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. भाई बरे आहेत. बरे म्हणजे नेहमीसारखे. चहा गोड झाला तर माझा उद्धार, अगोड झाला तर चहापत्तीचा. फोन असताना पत्र कशाला, असं तू विचारशीलच. अरे, फोन आहे भाईंच्या उशाशी. मी ‘हॅलो’ म्हणायचा अवकाश, पलीकडून काय बोलणं चाललंय ते माझ्या तोंडाकडे बघून ओळखतात आणि उत्तरंही तेच देतात. मोबाइलला रेंज हवी तर सुरूच्या बनात जाऊन एक हात वर करून उभं राहायचं. लोकांना वाटतं, ही बया समुद्रातली होडी थांबवतेय. म्हणून हे पत्र. वाचून झालं की रियालाही दे. तू बायकोला अर्धंच सांगशील, मला ठाऊक आहे.

पहिली बातमी ही, की आपल्या जीपचे मागचे पाटे मी काढून टाकले. तू गॅरेजात वाढूनही हाताला ग्रीस लागू दिलं नाहीस, तेव्हा समजावून सांगते. मागच्या चाकांवर त्या एकावर एक रचलेल्या, धनुष्यासारख्या वाकवलेल्या लोखंडी पट्ट्या असतात ना, ते पाटे. चिरे भरा, जाळी भरा, कितीही ओझं उचलतात. पण गाडी रिकामी असली की रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट बसणाऱ्याच्या मणक्यात. ते काढून मी तिथे गोल वेटोळ्यांच्या स्प्रिंगा बसवल्या. एवढं कशाला, असं गावातल्या प्रत्येकाने विचारलं. भाईंनी मात्र विचारलं नाही.

गॅरेजवाल्या आपल्या बापाला साठी गाठल्यावर माडावर चढायची काय हौस होती, देव जाणे! पाठ मोडली त्या पडण्याला या मे महिन्यात सहा वर्षं झाली. तू आठ दिवस आलास, रडलास, गेलास. मी राहिले. कुणीतरी राहायलाच हवं होतं आणि मी समोर उभी होते, एवढंच. गॅरेजही गळ्यात आलं. ‘बाईमाणूस गाडयेखाली?’ म्हणून आधी लोक हसले, आता आचऱ्याहून गाड्या घेऊन येतात. पण सहा वर्षांत मी एक रात्र घराबाहेर काढलेली नाही, विनू. सुभद्रामावशीच्या लेकीच्या लग्नात अक्षता टाकल्या आणि न जेवता परत आले, कारण दुपारी भाईंना कूस बदलून द्यायची होती. स्थळं यायची ती पहिल्या दोन वर्षांतच थांबली. म्हाताऱ्याला आंदण घेऊन येणारी सून कुणाला हवी? मला कोंडल्यासारखं होतं रे. भाईंचा राग येतो, मग त्या रागाची लाज वाटते, आणि लाज वाटली की त्यांच्यासाठी सोलकढी करते. असे दिवस जातात.

आणि तू दर गणपतीला येऊन म्हणायचास, ‘ताई, भाईंना पनवेलला माझ्याकडे नेलं असतं गो, पण त्यांना प्रवास झेपायचा नाही.’ खोटं नव्हतं ते. पडल्यावर दुसऱ्या वर्षी मी त्यांना तपासणीसाठी ओरोसच्या इस्पितळात न्यायला निघाले होते. तिठ्यापर्यंतही पोचलो नाही. दुसऱ्याच खड्ड्यात भाई असे किंचाळले की मी गाडी वळवली. मग दहा दिवस पाठ अंथरुणाला. ॲम्ब्युलन्स बोलावून बघितली, तर तिलाही पाटेच! कणकवलीला एकदा आगगाडीत आडवं केलं की पनवेलपर्यंत झोपून जाता येतं, हे मलाही कळत होतं. अडत होतं ते आपलं दार ते कणकवली स्टेशन, दीड तासाचं अंतर. त्या दीड तासात मी सहा वर्षं अडकून पडले.

फेब्रुवारीत कोल्हापूरचे प्रितेश म्हणून एक गृहस्थ आले. डोंगरदऱ्यांतून जीप घालायचा नाद. त्यांची जीप आपल्या पुळणीत रुतली. मी दोरखंड लावून काढली, तर गाडीच्या खाली मागे पाटेच नाहीत! स्प्रिंगा. मला शेजारी बसवून त्यांनी आपल्या खडबडीत पाणंदीतून फेरी मारली. माझ्या हातात चहाचा पेला होता, विनू, आणि तो सांडला नाही. मी मेली तिथेच रडायला लागले. त्यांना वाटलं मला लागलं. कोल्हापुरात त्यांची वर्कशॉप आहे, हीच कामं करतात. जाताना म्हणाले, तुमच्या हाताला वळण आहे, कधी यायचं ठरलं तर कळवा, जागा आहे. मी हसून सोडून दिलं. पण त्या रात्री भाईंचे पाय चेपताना ते ‘जागा आहे’ डोक्यातून जाईना.

पाऊस सरल्यावर मी त्यांच्याकडून नुसत्या स्प्रिंगा मागवल्या. एसटीच्या पार्सलने आल्या. बाकीचं मला येतं, असं पत्रात ठणकावून लिहिलं होतं. विचारलं असतं तर काय बिघडत होतं? पण मिस्त्री बाईने विचारलं की तिला येत नाही, आणि मिस्त्री बाप्याने विचारलं की तो चौकस, हा आपल्याकडचा न्याय तुला ठाऊक आहे. त्यांच्या जीपखाली शिरून बघितलं होतं त्या आठवणीवर मी काम काढलं. पाटे सोडवले, चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, वाट्या वेल्ड करून स्प्रिंगा बसवल्या, धुरा, म्हणजे मागच्या चाकांचा आडवा आस, मागेपुढे सरकू नये म्हणून दोन लांब दांडे पुढे बांधले. आठ दिवस लागले. आठही दिवस भाई काठी टेकत पडवीत येऊन, खुर्ची टाकून, दुखलं की आत जाऊन पडून, पुन्हा येऊन, माझ्याकडे बघत होते. एका शब्दाने बोलले नाहीत. ज्या माणसाने जन्मभर ‘पानो सरळ धर गो, भजी तळतस काय’ म्हणून माझा जीव खाल्ला, तो गप्प! मला वाटलं, माझं काम पसंत पडलंय. अशी फुगले म्हणून सांगू.

नवव्या दिवशी मागे भाईंच्या वजनाएवढी तांदळाची पोती टाकली आणि निघाले. सरळ रस्त्याला गाडी लोण्यासारखी. पण खालच्या वाडीचा उतार उतरून वळण घेतलं मात्र, मागचा भाग एकदम बाजूला सरकला. मी डावीकडे, गाडीचं बूड उजवीकडे. टायर पत्र्याला घासल्याचा आवाज आला आणि पुढच्या क्षणी जीप चिऱ्यांच्या गडग्यात. चार चिरे माझ्या मांडीवर येऊन पडले. कोपर सोलवटलं, कपाळाला टेंगूळ आलं, बाकी काही नाही. गडग्यापलीकडे विहीर होती, हे मी तेव्हा बघितलं. आवाज घरापर्यंत गेला होता. परत आले तर भाई पडवीच्या पायरीवर उभे, काठीही विसरलेले. मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि आत गेले. जेवलेही नाहीत.

सकाळी उठून म्हणतात, नारळ आण, गाऱ्हाणा घालूचा आसा. शेजारची काशीबाई आलीच. नारळाचा वास तीन घरांवरून येतो तिला. जीप वाडीतल्या पोरांनी ओढून आणली होती. तिच्यापुढे भाई कसेबसे उभे राहिले आणि सुरू केलं, ‘बा देवा म्हाराजा, बारा गावच्या बारा येशीच्या म्हाराजा...’ काशीबाई आपली खणखणीत, ‘व्हय म्हाराजा!’ भाई म्हणाले, ‘गाडयेचा काम माज्या चेडवान, ह्या माज्या लेकीन, एकटीन केल्यान.’ व्हय म्हाराजा. ‘तेच्यात एक आडवो दांडो ऱ्हवलो.’ व्हय म्हाराजा. ‘ता माका पयल्याच दिसा समाजला व्हता, पण मी गप ऱ्हवलंय.’ इथे काशीबाईचा आवाज बंद. मी भाईंकडे बघते, ते माझ्याकडे बघतच नाहीत, हात जोडलेले, डोळे जीपच्या बॉनेटवर. ‘ही गाडी बरी चालली तर चेडू माका पोचवून जायत, मगे माका कोण, ह्या भियान गप ऱ्हवलंय. तिका काय झाला असता तर ता पाप माज्या माथ्यार, म्हाराजा.’

गाऱ्हाण्यात मधेच थांबता येत नाही, तुला ठाऊक आहे. समोरच्याने व्हय म्हटल्याशिवाय पुढचं बोलत नाहीत. काशीबाई पदर तोंडात धरून उभी. म्हणजे मीच उरले. आठ दिवस मला मरणाच्या दारात जाताना बघत बसलेल्या बापाला मी काय म्हणणार होते? शिव्या तोंडात आल्या होत्या, अगदी आवशीबापाशीवरून आल्या होत्या. त्याच तोंडाने ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. तेव्हा ते पुढे बोलले, ‘आता ती जायत थंय तिची पाठराखण कर. माजी इडापिडा तिच्या वाटेत घालू नको.’ त्यालाही मीच व्हय म्हटलं. मग नारळ फुटला. दोघंही एकमेकांकडे न बघता खोबरं खात बसलो.

दुपारी त्यांनी कोळशाने पडवीच्या जमिनीवर काढून दाखवलं. आडवा दांडा, एक टोक धुऱ्याला, दुसरं पलीकडच्या बाजूच्या चासीला, होईल तेवढा लांब, वजन बसल्यावर सरळ राहील असा. म्हणाले, ‘पाटो दोन कामा करता. वजन उचलता आणि धुरो जाग्यार धरता. पाटो काडलंस, मगे ता दुसरा काम कोणी करूचा?’ संध्याकाळपर्यंत दांडा कापून, टोकांना रबरी बूश घालून बसवला. वेल्डिंग करताना शेजारी उभं राहून त्यांनी माझ्या सतरा चुका काढल्या, आणि खरं सांगते, इतकं बरं वाटलं!

परवा भाईंना मागे गादीवर बसवून आचऱ्यापर्यंत नेऊन आणलं. चार-पाच वर्षांनी फाटकाबाहेर. वळणावर या वेळी गाडीचं बूड जागचं हललं नाही. तिठ्यावर मासे विकायला बसलेली शेवंती उठून ओरडली, ‘अगे बाये, भाईनू, तुमी आसात मां अजून!’ त्यावर भाईंनी गाडी थांबवायला लावून पेडव्यांवरून तिच्याशी पंधरा मिनिटं घासाघीस केली आणि घेतले काहीच नाहीत. घरी आल्यावर मी विचारलं, दुखलं का? तर म्हणतात, ‘माजे पाटे वायट नाय व्हते.’ म्हणजे दुखलं नाही. रात्री कूस बदलायला गेले तेव्हा उशी ओली होती. मी ती उलटी करून दिली.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. येत्या चोवीस तारखेला, शुक्रवारी, मी भाईंना घेऊन येतेय. कणकवलीहून सकाळची गाडी, संध्याकाळी पनवेल. जायची दोन तिकिटं काढली आहेत आणि यायचं एक. एक डिसेंबरपासून मी कोल्हापूरला कामावर रुजू होतेय. गॅरेजची किल्ली काशीबाईकडे राहील. आधी विचारलं असतं तर तू ‘बघू गो, रियाशी बोलतो’ म्हणाला असतास आणि आणखी सहा वर्षं गेली असती, म्हणून विचारत नाही, कळवते आहे. पण शेंडीला गाठ मारून लिहायला बसले तरी पुढची ओळ दोनदा खोडली, विनू, कारण एक गोष्ट मलाही माहीत आहे आणि तुलाही. तू फलाटावर आला नाहीस, किंवा आलास आणि मान खाली घालून उभा राहिलास, तर मी भाईंना तिथे सोडून जाणार नाही. पुढची गाडी पकडून त्यांना परत आणीन, पुन्हा त्याच खाटेवर निजवीन, आणि पुन्हा कधी विचारणार नाही. मी अशी आहे, याच भरवशावर तू सहा वर्षं निवांत झोपलास. या एका शुक्रवारी माझ्या स्वभावाचा फायदा घेऊ नकोस रे.

वाट बघणारी, अजूनही तुझीच,
सुगंधाताई