बुधवारचं सुतक

डेटन, ओहायो
१५ नोव्हेंबर २००८

चि. व्हर्लीन हिस अनेक आशीर्वाद.

मी वारलो ही बातमी तू निदान मला तरी कळवायला हवी होतीस. काल सकाळी मी टोस्टला लोणी लावत बसलो होतो आणि मार्जी टपाल फोडत होती. एका पाकिटातून काळ्या किनारीचं कार्ड निघालं. ती मोठ्याने वाचू लागली आणि ‘आपले प्रिय पती हॉलिस’ इथवर येऊन थांबली. मग तिने माझ्याकडे असं काही बघितलं की मी हातातली सुरी खाली ठेवली.

कार्ड तुमच्या गावचं आहे. नदीपलीकडच्या काळ्या लोकांच्या चर्चमधल्या चाळीसेक जणांच्या त्यावर सह्या आहेत. सगळ्यांत वर ओडेसाचं अक्षर. शाळेच्या स्वयंपाकघरात तुझ्याबरोबर जन्मभर राबली, तीच ना ही? तिने लिहिलंय की हॉलिससाहेब दर नाताळला मी भट्टीत भाजलेल्या रताळ्याच्या गोड ‘पाय’चे दोन तुकडे खायचे आणि ते सांगायला मुद्दाम शाळेच्या स्वयंपाकघरात यायचे, देव त्यांना वर उपाशी ठेवणार नाही. खोटं कशाला बोलू, ते वाचून मला माझंच वाईट वाटलं.

पत्त्यात घराचा नंबर चुकला होता, पण आमचा पोस्टमन मला ओळखतो. मार्जी म्हणते, एवढ्या माणसांनी सह्या केल्यात तर आभाराचं पत्र लिहायला हवं, पण ते लिहायचं कोणी, तिने की मी? तेव्हा काय घोटाळा आहे ते लवकर कळव. गुडघा कसा आहे?

लोभ आहेच, मेल्यावरही कमी झालेला नाही.

तुझा
हॉलिसदादा

*

बेल्स फेरी, टेनेसी
२० नोव्हेंबर २००८

ती. हॉलिसदादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि मेल्यासारखंही झालं. मार्जीवहिनींना सांग, मी त्यांची मनापासून माफी मागते. आभाराचं पत्र मात्र कोणी लिहू नका. कृपा करून लिहू नका.

घोटाळा असा काही मोठा नाही. आमच्या चर्चच्या बायका त्या बुधवारी माझ्याकडे जमल्या होत्या. बायकांची आपली एक गंमत होती. दाराला एक चक्र लावलं होतं फुलांचं. ओडेसाने येताजाता ते पाहिलं, बाहेर गाड्या पाहिल्या, आणि तिला वाटलं मयत आहे. वय झालंय तिचं. मी काहीतरी सांगायला गेले, तिने काहीतरी ऐकलं, आणि त्यातून हे झालं. मी सवडीने तिला समजावून सांगेन.

गुडघा थंडीने धरलाय. पेकानची झाडं यंदा लगडलीत, पण खारी काही ठेवतील असं वाटत नाही. तुम्ही दोघं तब्येतीला जपा, आणि हा विषय मनातून काढून टाका.

आपला लोभ आहे तसाच राहावा.

तुझी
व्हर्लीन

*

डेटन, ओहायो
२४ नोव्हेंबर २००८

चि. व्हर्लीन हिस अनेक आशीर्वाद.

लहानपणी तू आईची बरणी फोडलीस तेव्हाही सगळ्यांत आधी खारींचीच गोष्ट काढली होतीस.

त्या बुधवारी, म्हणतेस. अध्यक्षाच्या निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी. बायका जमल्या, दाराला मयताचं चक्र लावलं, आणि ती गंमत होती. मला वाटतं, कशाची गंमत होती ते मला कळलंय. चुकत असेन तर मला खडसाव, मला आनंदच होईल.

मी त्या नव्या अध्यक्षाला मत दिलेलं नाही, हे तुला ठाऊक आहे. करांवरून आमचं जमत नाही, आणि माणूस मला फार नवखा वाटतो. निकालाच्या रात्री मी टीव्ही बंद करून झोपलो. पण सोळा वर्षांपूर्वीही आपला माणूस हरला होता. तेव्हा तुझा रॉय जिवंत होता. तुम्ही दोघांनी दोन दिवस तोंडं पाडली आणि तिसऱ्या दिवशी मासे धरायला गेलात. तेव्हा दाराला काही लावलं नव्हतंस. या खेपेलाच का, याचं उत्तर मला देऊ नकोस. ते तुझं तूच बघ.

आणि मला साधू समजू नकोस. इथे कारखान्यातल्या जुन्या मंडळींत त्याच्यावरून जे विनोद चालतात त्यांना मी हसलोय. तुझ्या बैठकीत असतो तर केकचा तुकडाही मागितला असता. म्हणूनच विचारतोय. काय झालं ते सरळ लिही. आम्ही नेहमीसारखे नाताळला येतोय, आणि मी कोणत्या तोंडाने येऊ ते मला आधी कळायला हवं.

राग नाही. लोभ आहे, म्हणून एवढं लांबण लावलं.

तुझा
हॉलिसदादा

*

बेल्स फेरी
३० नोव्हेंबर २००८

ती. हॉलिसदादास सा. न. वि. वि.

केकचं तू कसं ओळखलंस कोण जाणे. होता केक.

सकाळीच जोनेलचा फोन आला. जोनेल म्हणजे आमच्या चर्चमध्ये पियानो वाजवते ती. तिचा शब्द इथे कोणी खाली पडू देत नाही. म्हणाली, देश गेला गं बाई, आता माती द्यायला जमलं पाहिजे, आणि तुझं घर हमरस्त्यावर आहे तेव्हा तुझ्याकडेच करू. मी हसले आणि बरं म्हणाले. तिने फुलवाल्याकडून काळ्या फितीचं चक्र आणून माझ्या दाराला लावलं. आठ-दहा जणी काळे कपडे घालून आल्या, मयताच्या घरी नेतात तसं कोणी हॅम, कोणी बटाट्याचं सॅलड घेऊन. मी उकडलेली अंडी मसाला भरून केली. जोनेलच्या केकवर साखरेने लिहिलं होतं, ‘अमेरिका, १७७६ ते २००८’. तो टेबलाच्या मधोमध मीच ठेवला. मग त्या नव्या अध्यक्षाबद्दल, त्याच्या बायकोबद्दल, त्या दोन लहान मुलींबद्दल जे बोलणं झालं ते मी लिहिणार नाही. मी त्यातलं काही बोलले नाही, पण हसले सगळ्याला.

दुपारी बेल वाजली. दारात ओडेसा. काळा कोट, काळी हॅट, हातात पाउंड केक, अजून कोमट. सकाळी रस्त्यावरून जाताना तिने चक्र पाहिलं होतं आणि घरी जाऊन तशीच भट्टीपाशी उभी राहिली होती. मी बाहेर येऊन दार पाठीमागे ओढून घेतलं. तिने विचारलं, कोण गेलं? आत जोनेल हसून हसून हुंदके देत होती. ओडेसाला ते रडणं वाटलं, तिने हळहळून दाराकडे पाहिलं. खरं सांगायची तीच वेळ होती. माझ्या तोंडून तुझं नाव गेलं. तू लांब राहतोस, आणि लांबच्या माणसाच्या मातीला इथून कोणी जात नाही, एवढा हिशेब माझ्या डोक्याने त्या एका क्षणात केला, याची मला सगळ्यांत जास्त किळस येते.

तिने केक पायरीवर ठेवला आणि मला पोटाशी धरलं. तुझ्यासाठी प्रार्थना केली, मार्जीवहिनींसाठी केली, आणि मी आमेन म्हणाले. मग वहिनींचा पत्ता मागितला. मी नंबर बदलून दिला.

तिचा केक मी आत नेला. जोनेल म्हणाली, बघा, नदीपलीकडच्यांनाही दुःख झालेलं दिसतंय. सगळ्या पोट धरून हसल्या आणि त्यांनी तो खाल्ला. छान झालाय, असंही म्हणाल्या. दादा, रॉय गेला तेव्हा माझ्या दारात पहिली ती आली होती. तिचा नवरा गेला तेव्हा मी जेवणाचं भांडं तिच्या ओसरीवर ठेवून गाडी तशीच वळवली होती, आत न जाता.

आता ती बाजारात भेटली की माझा हात धरते. तुझं नाव घेऊन त्यांच्या चर्चमध्ये दर रविवारी प्रार्थना होते. म्हणून एक मागते. या नाताळला येऊ नका. मीच डेटनला येईन. गाव लहान आहे, तू दिसलास तर मला कुठे तोंड लपवू असं होईल. वर्षभरात सगळं थंड होईल.

लोभ असावा, असं लिहिताना हात अडखळतो, पण लिहिते.

तुझी
व्हर्लीन

*

डेटन, ओहायो
४ डिसेंबर २००८

चि. व्हर्लीन,

पहिल्यांदा मला मारलंस ते घाबरून. आता शांत बसून, विचार करून मारते आहेस.

आम्ही वीस तारखेला, शनिवारी पोचतो. मी पुढच्या दाराने येईन, आणि दुसऱ्या दिवशी गावात फिरेन. तोवर ओडेसाला तूच सांग. बाजारात मला पाहून तिला कळावं, हे मी होऊ देणार नाही. पत्र लिहून सांगू नकोस, फोनही नको. ती तुझ्या दारात आली होती, तू तिच्या दारात जा.

मार्जी म्हणते, फार कडक लिहिलंस. असेल. लोभ आहे आणि तो जाणार नाही, पण सध्या त्याचा आधार मागू नकोस.

हॉलिस

*

बेल्स फेरी
१५ डिसेंबर २००८

ती. हॉलिसदादास सा. न. वि. वि.

शुक्रवारी गेले. इतक्या वर्षांत तिच्या घरात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं. तिने कॉफी केली, मी तुझ्या दुःखाचं बोलायला आले असेन म्हणून आधीच माझा हात हातात घेतला. मी तो सोडवून घेतला आणि सांगितलं. हॉलिस जिवंत आहे, ठणठणीत आहे. चक्र कशासाठी होतं ते सांगितलं. केकवर काय लिहिलं होतं तेही, कारण ते गाळलं असतं तर काहीच सांगितलं नसतं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बराच वेळ टेबलावरचा ओघळ फडक्याने पुसत राहिली. स्वयंपाकघरात मी तिला नुसतं ओडेसा म्हणायचे आणि ती मला कायम व्हर्लीनबाई. त्या दिवशी ती बाई म्हणाली नाही. जे म्हणाली ते शब्दाला शब्द लिहिते, कारण मला ते बदलायचा हक्क नाही.

“आमच्यातला माणूस पहिल्यांदा अध्यक्ष झाला म्हणून त्या बुधवारी आमच्या चर्चमध्ये जेवण होतं, व्हर्लीन. माझ्या आईला मत द्यायला गेली तेव्हा कचेरीच्या पायरीवरून हाकलली होती. मी तिची हॅट घालून मत दिलं, आणि तीच घालून जेवणाला जाणार होते. तुझ्या दाराशी ते चक्र पाहिलं आणि नातवंडांना सांगितलं, हिच्या घरासमोर भोंगा वाजवायचा नाही, गाणी म्हणायची नाहीत. जेवणाला गेले नाही. हिच्या घरात मरण आणि मी आनंदात, म्हणून मला माझ्या आनंदाची लाज वाटली. आयुष्यात एकदाच येणारा दिवस होता तो. मी तो तुझ्यासाठी घडी घालून ठेवून दिला.”

मी माफी मागितली. ती म्हणाली, माझ्या एकटीची मागून भागणार नाही. कार्डावर सह्या माझ्या एकटीच्या नाहीत, रविवारी ये आणि त्यांना सांग, मी तुझ्यासाठी निरोप्याचं काम करणार नाही.

काल गेले. सगळ्या चर्चमध्ये गोरी मी एकटी. त्यांनी मला ओडेसाच्या मागच्या बाकावर जागा करून दिली, एका मुलीने भजनाचं पुस्तक उघडून दिलं. पास्टरने विचारलं, कोणाला काही सांगायचंय? मी उभी राहिले. मी म्हणाले, माझा भाऊ हॉलिस, ज्याच्यासाठी तुम्ही प्रार्थना केलीत, तो जिवंत आहे.

मी पुढचा शब्द उच्चारायच्या आत सगळं चर्च उठलं. टाळ्या, देवाचा जयजयकार, ऑर्गन सुरू झाला. पुढच्या रांगेतली एक म्हातारी रडायला लागली. ओडेसा सोडली तर तुला त्यांनी कधी पाहिलेलं नाही. कोणालाही विचारावंसं वाटलं नाही की आधी मेला कसा होता. तू वाचलास एवढंच त्यांना पुरे होतं. मी उभीच होते. गाणं संपलं, लोक बसले, आणि सगळे हसऱ्या तोंडाने माझ्याकडे बघत राहिले. ओडेसा मान वळवून बघत होती. तिने टाळी वाजवली नव्हती. ती वाट बघत होती.

दादा, मी खाली बसले.

बाहेर सगळ्यांनी मला मिठ्या मारल्या. हॉलिससाहेबांना जपा, म्हणाले. शेवटी पायरीवर मी आणि ओडेसा राहिलो. तिने विचारलं, सांगून झालं? मी नाही म्हणाले. ती हातमोजे चढवत होती. म्हणाली, चर्च दर रविवारी असतं.

तू शनिवारी पोचतोस. लोभाचं या खेपेला काही मागत नाही.

तुझी
व्हर्लीन