जनवाड्याच्या आकाशातली खळबळ

प्रिय मंजुश्रीअक्का,

वीस तारखेला हैदराबादच्या परिषदेत तू आपला शोधनिबंध वाचणार आहेस. पहिलं नाव तुझं, दुसरं माझं. हे पत्र त्याआधी तुझ्या हातात पडायला हवं. उद्या राजपालदादा टमटम घेऊन बीदरला जाईल तेव्हा कलबुर्गीच्या बसमध्ये देईल.

आमच्या जनवाड्याच्या घराच्या स्लॅबवर अँटेना बसवायला आपले सर आले तो दिवस तुला आठवत असेल. आप्पांनी विचारलं होतं, "सर, ह्ये करतंय काय नेमकं?" सर सांगायला लागणार तेवढ्यात मी म्हणाले, मी नंतर सांगते. घरात पदवी घेतलेली मी एकटी. आपल्या माणसांनी साहेबांपुढे अडाण्यासारखे प्रश्न विचारू नयेत असं तेव्हा वाटलं. नंतर सांगायचं राहिलंच. फक्त बजावलं, याला हात लावू नका. आईनं त्याच दिवशी अँटेनाभोवती चुन्याची रेघ ओढली. चार महिन्यांत ती कुणी ओलांडली नाही, शेजारच्या नेत्रावतीच्या पोरांनीसुद्धा नाही.

मग जानेवारीच्या नोंदी आल्या. तुझ्या कलबुर्गीच्या गच्चीवर सगळं शांत, आणि इथे सूर्य मावळला की उपग्रहांचे संकेत थरथरायला लागायचे. साडेतीनशे किलोमीटर उंचीवरचा विद्युतभारित थर सूर्यास्तानंतर ढवळतो आणि त्यातून येणारे संकेत हलतात, हे पुस्तकात आहेच. पण त्या खळबळीची कड बरोबर आपल्या दोन गावांच्या मधून जाते, हे आपण मांडलं. नोंदी थोड्या म्हणून, एरवी वगळतात ते क्षितिजाजवळचे उपग्रह वगळायचे नाहीत, हेही आपण दोघींनीच ठरवलं. दादा तेव्हा हसला होता. "कलबुर्गी सोडून आभाळ आपल्याच स्लॅबवर कामून हालायलंय गं? जागा बघून ठेवलीय का त्यानं?" मी त्याला म्हणाले, तुला त्यातलं कळत नाही.

तीन तारखेला परिषदेसाठी आलेख नीट करताना मी एकेका उपग्रहाची नोंद वेगळी काढली. प्रत्येक उपग्रह आकाशात त्याच जागी रोज चार मिनिटं लवकर येतो. थरथरही त्याच्याबरोबर रोज चार मिनिटं लवकर येत होती. वरची खरी खळबळ अशी एकेका उपग्रहाची वेळ पाळत नाही. म्हणजे हलवणारी वस्तू आकाशात नव्हती, अँटेनाच्या जवळ होती.

मी नेहमी रविवारी दुपारी नोंदी घ्यायला यायची आणि चारच्या बसनं परत जायची. संध्याकाळचा स्लॅब मी पाहिलाच नव्हता. या वेळी राहिले. सहाच्या सुमारास वर गेले तर आई वाळवलेली तूर गोळा करत होती. ढीग लावून झाल्यावर तिनं त्याच्याभोवती टिनाचे पाच पत्रे उभे केले, चुन्याच्या रेघेला अगदी लागून, पण रेघेबाहेर. वरून आलेला संकेत त्या पत्र्यांवर आपटून पुन्हा अँटेनात शिरत होता. मी रेघेजवळ वाकून पाहिलं. आई म्हणाली, "म्या हात लावला न्हाई बाई तुझ्या मशीनला. दव पडायलंय, म्हणून पत्रे लावायलेय." सकाळी तूर पसरायच्या आधी ती ते काढून ठेवायची.

पत्रे खाली नेले, तुरीवर ताडपत्री टाकली. पुढच्या नऊ संध्याकाळी मी इथेच होते. आठ दिवस काही नाही. एका दिवशी अर्धा तास थर खरोखर हलला, आणि तुझ्या गच्चीवरच्या नोंदीतही त्याच वेळी तेच. पुस्तकात असते तशी खळबळ, कड वगैरे नसलेली.

आईनं विचारलं, "माझ्यापायी तुझं नाव जातंय का गं?" मी नाही म्हणाले. मग खोलीत येऊन सरांना मेल लिहायला घेतला, आणि पहिल्याच वाक्यात लिहिलं, 'घरच्या माणसांच्या निष्काळजीपणामुळे.' ते वाचलं आणि खोडलं. सांगितलेलं तिनं शब्दशः पाळलं होतं. काय सांगायचं ते मला सुचलं नव्हतं, किंवा सांगावंसं वाटलं नव्हतं.

आता जे फोनवर जमलं नाही ते लिहिते. सात तारखेला तू फोन केलास आणि विचारलंस, जनवाड्याच्या नोंदी पक्क्या ना, मी सरांना अंतिम प्रत देते आहे. तोवर पत्रे काढून तीन संध्याकाळी झाल्या होत्या. मला सगळं माहीत होतं, आणि मी म्हणाले, पक्क्या आहेत. तू खूश झालीस, विभागातल्या दानम्मा मॅडमनीही कौतुक केलं म्हणालीस. चूक इतके दिवस कुणालाच दिसली नाही, तिचं एवढं नाही. पण ते उत्तर ही चूक नव्हती, ते खोटं होतं. सोमवारी मी सगळे आलेख सरांना पाठवते आहे आणि त्यात फोनचंही लिहिते आहे, म्हणजे अंतिम प्रत तू जाणूनबुजून दिलीस असं कुणी म्हणणार नाही. त्याआधी सरांशी तुला स्वतः बोलायचं असेल, तर तुझ्याकडे रविवार आहे. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तरी चालेल, फक्त तो निबंध वाचू नकोस.

तू नको म्हणेपर्यंत तुझीच,
पंचशीला