ओल्या कातड्याचं छप्पर

आई,

गेल्या रविवारी जेवताना तुझ्या नातवाने विचारलं, तुझी आई शाळेत काय शिकवायची. त्याला मराठी सगळं समजतं, पण बोलतो जर्मनमध्येच. तो जर्मनमध्ये विचारतो, मी मराठीत सांगते, असं आमचं चालतं. मी म्हटलं, इतिहास. कुठला इतिहास, म्हणाला. तू जन्मभर शिवाजी महाराज, पेशवे, स्वातंत्र्यलढा शिकवलास, पण माझ्या तोंडून निघालं, "असिरियन लोकांचं सैन्य." तो हसला, त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. मी ताट संपवलं, भांडी मशीनमध्ये लावली. तेव्हापासून चार दिवस मनात तुझ्याशी बोलणं चालू आहे, म्हणून शेवटी लिहायला बसले.

मिरजेच्या शाळेत तू मला सहावीला होतीस. घरी आई आणि वर्गात बाई, आणि चुकून वर्गात 'आई' म्हटलं तर तू असं बघायचीस की मी दिवसभर तोंड उघडायची नाही. प्राचीन संस्कृतींच्या धड्यात असिरियनांना जेमतेम एक परिच्छेद होता, पण तू त्यांच्यावर दोन तास घेतलेस. कुठल्याशा वाचनालयातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं होतंस, त्यातली चित्रं बघून फळ्यावर काढत होतीस. लोखंडी टोकाचे भाले. एक धनुर्धर आणि त्याच्यापुढे पुरुषभर उंचीची ढाल धरून उभा असलेला दुसरा. गोफणवाले. फुगवलेल्या बकऱ्याच्या कातड्यावर पालथे पडून नदी ओलांडणारे शिपाई. आणि मग चाकांवरचा तो भिंत फोडायचा गाडा: पुढे लांब ओंडका, त्याला लोखंडाचं टोक, वर ओल्या कातड्याचं छप्पर. तटावरून पेटते पलिते टाकतात म्हणून कातडं ओलं ठेवायचं, आणि त्यासाठी आत एक माणूस नुसता पाणी ओतायला. मी हात वर केला. "बाई, ओंडका दोराला टांगला तर धक्का जास्त जोरात बसेल ना?" तू खडू तसाच धरून माझ्याकडे बघत राहिलीस. वर्गात तू माझ्याकडे तसं कधी बघत नसायचीस. "बरोबर," म्हणालीस, "टांगलेलाच असायचा." संध्याकाळी बाबांना चहा देताना तू सांगितलंस, "अहो, ही इंजिनिअर होणार बघा." मी आतल्या खोलीतून ऐकलं.

मी झाले. पुण्याला शिकले, मग इथे आले, आणि जड गाड्यांचे भाग करणाऱ्या एका कंपनीत लागले. तुला फोनवर 'ट्रकचे भाग' एवढंच सांगितलं होतं.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात तू बाळंतपणाला आलीस. ह्यांची नोकरी दूरच्या एश्बॉर्न गावी होती, ते शुक्रवारी रात्री यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. आठवडाभर घरात तू, मी आणि पंधरा दिवसांचं बाळ. तू त्या चिमुकल्या किचनमध्ये खिडकी उघडी टाकून डिंक तळायचीस, थंडी आत यायची, मी ओरडायचे, तू म्हणायचीस, "मग तो धुराचा भोंगा वाजू दे का?" दुपारी एक ते तीन इमारतीत रूहेत्साइट, शांततेची वेळ, म्हणून खारका कुटायला तू घड्याळाकडे बघत तीन वाजायची वाट बघायचीस. आणि त्याच शांततेत विमानं यायची. मोठी, राखाडी, इतकी खालून की काचा थरथरायच्या आणि बाळ झोपेत दोन्ही हात वर फेकायचं.

"कुठून येतात गं ही?"

"इराकमधून. जवळच अमेरिकन तळ आहे, मोठं हॉस्पिटल आहे. जखमी शिपाई आणतात."

"इराकमध्ये कुठून?"

"बगदाद, मोसूल. रेडिओवर मोसूलचं सांगत होते आज."

तीनची वाट बघत हातात धरलेला बत्ता तू खाली ठेवलास. "मोसूल म्हणजे असिरियनांची राजधानी, निनेवेच की. नदीच्या ह्या काठाला मोसूल आणि त्या काठाला निनेवे." मग बराच वेळ तू खिडकीशी उभी होतीस. मला वाटलं, तुला शाळेची आठवण येते आहे.

जानेवारीत कंपनीतल्या आमच्या ग्रुपचा प्रमुख बाळाला बघायला आला. भला माणूस. बायकोने विणलेले पायमोजे घेऊन आला होता, दारात बूट काढले, तू दिलेला डिंकाचा लाडू कॉफीबरोबर सबंध संपवला. जाताना तुला चांगलं वाटावं म्हणून सावकाश इंग्रजीत म्हणाला, "तुमची मुलगी फार हुशार आहे. गाडीखाली सुरुंग फुटला तरी आतली माणसं वाचतात, ती हिच्या गणितामुळे."

"कुठली गाडी?" तू विचारलंस.

"लष्कराची," तो म्हणाला. "चिलखती. वर तोफ असते."

दार लागल्यावर तू कप विसळलेस. मग पाठ वळवूनच म्हणालीस, "ट्रकचे भाग म्हणाली होतीस."

"तो पण एक ट्रकच असतो, आई."

 बाळाची दुपटी हीटरवरून काढून एकेक घडी करत बसलीस. तू रागावली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

तुझा मूड सुधारावा म्हणून मीच ते प्रदर्शन शोधून काढलं. ट्रेनने तासाभरावरच्या शहरात, एका छोट्या संग्रहालयात असिरियन शिल्पं मांडली होती. मूळ दगड दुसऱ्या देशात, इथे त्यांच्या प्लास्टरच्या प्रती. मला वाटलं, तुला आयुष्यात एकदा ते सगळं समोर बघायला मिळेल. फेब्रुवारीतला करडा दिवस होता, बाळ बाबागाडीत, तू साडीवर माझा जाड कोट घातलेला. पहिल्याच दालनात तो गाडा होता. फळ्यावरचा तुझा गाडा त्याच्याशी पुष्कळ जुळत होता, फक्त चाकं तू लहान काढली होतीस. मी आनंदाने म्हटलं, "बघ, अगदी तसाच!" तू जवळ गेलीस, चष्मा वर केलास, आणि बोटाने हवेतच त्या छपराची कड गिरवलीस.

"आतल्यांना काही होऊ नये म्हणून केलंय हे," म्हणालीस. "हे कामसुद्धा कुणीतरी मन लावून केलं असेल."

मला कळलं ते मला उद्देशून होतं. मी म्हटलं, "मी माणसं वाचवते, आई. वीस-बावीस वर्षांची पोरं असतात आत."

"हो ना. आणि बाहेर?"

मग तू मला ओढतच पुढच्या भिंतीपाशी नेलंस. तिथे गाव जिंकून झालेलं होतं. बैलगाडीवर बायका बसल्या होत्या, मांडीत गाठोडी. एक बाई चालता चालता वाकून कातडी पिशवीतून पोराला पाणी पाजत होती. मागे दोन लेखनिक, शांत चेहऱ्याचे, नोंद करत होते. तू तिथून हलेचनास. आमच्या बाळाने रडायला सुरुवात केली, मी कोपऱ्यातल्या बाकावर पाजायला बसले, आणि तू माझ्याकडे न बघता बोलायला लागलीस, वर्गात बोलायचीस त्या आवाजात, फक्त हळू. "तीस वर्षं शिकवलं मी हे. असिरियन सैन्याची वैशिष्ट्ये लिहा. लोखंडी शस्त्रं, घोडदळ, वेढ्याचं तंत्र. पाच मुद्दे, पाच गुण. ही बाई त्या पुस्तकात होती गं. पान उलटलं की होती. मी एकदाही नाही काढली फळ्यावर." मग वळलीस. "तू सोडशील का ते काम?"

आई, तेव्हा मी जे बोलले ते मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. "तूच शिकवलंस मला. तो गाडा तूच काढलास. आता मला कशाला विचारतेस?"

तू मान हलवलीस, एखाद्या मुलीने बरोबर उत्तर दिल्यावर हलवायचीस तशी. येताना ट्रेनमध्ये तू बाळाला मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होतीस आणि मी झोपल्याचं सोंग केलं होतं. मार्चमध्ये तू परत गेलीस. विमानतळावर मला जवळ घेतलंस, बाळाच्या टाळूवर हात ठेवलास, त्या विषयावर चकार शब्द काढला नाहीस. त्यानंतरही प्रत्येक रविवारच्या फोनवर तू दात आले का, रांगतो का, हे विचारायचीस, आणि शेवटी थोडीशी थांबायचीस. ते थांबणं मला सहन होईना. पावसाळ्यातल्या एका रविवारी मी स्वतःहून म्हणाले, "आई, मी विभाग बदलला. आता ट्रॅक्टरचं काम करते."

"खरंच?" तू म्हणालीस. आणि मग, "बरं झालं गं बाई." तुझा आवाज एकदम म्हातारा वाटला मला.

ते खोटं होतं. मी त्याच टेबलावर, त्याच गाड्यांवर काम करत होते. पण तू खूष होऊन विचारायला लागलीस: केवढा असतो, नांगर त्यालाच जोडतात का, आपल्याकडच्या चिकट मातीत चालेल का. मग मी दर रविवारी फोनवर तुझ्यासाठी एक ट्रॅक्टर करत राहिले. त्याला आधी मागची चाकं मोठी दिली, मग तू म्हणालीस म्हणून बसायची जागा उंच केली. चार वर्षं. दोन हजार नऊमध्ये तुला झटका आला आणि मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेराव्याला तुझी एक जुनी विद्यार्थिनी आली होती, दोन मुलांची आई. माझा हात धरून म्हणाली, "ताई, बाई किती अभिमानाने सांगायच्या, माझी मुलगी शेतकऱ्यांसाठी ट्रॅक्टर करते म्हणून." मी "हो" म्हटलं आणि तिला पाणी आणायला आत गेले.

आता तो भला माणूस निवृत्त झाला आहे आणि ग्रुप माझ्याकडे आहे. हे पत्र तसं कुठेच जायचं नाही. मिरजेच्या घरात दुसरी माणसं राहतात, आणि नातवाला मराठी वाचता येत नाही. त्यामुळे एक गोष्ट लिहून ठेवायला हरकत नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की बदली मिळाली नाही, मूल लहान होतं, इथे बायकांना दुसरीकडे कोण घेतं. आल्झो, म्हणजे खरं सांगायचं तर मी बदलीचा अर्ज कधी लिहिलाच नाही. चाचणीच्या दिवशी स्फोट होतो, धूर खाली बसतो, आणि गाडीचा तळ मी सांगितला होता तेवढाच वाकलेला असतो, एक मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही. तेव्हा मला फार बरं वाटतं, आई. अजूनही वाटतं.